सात इंचांची पायरी

बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले, तेव्हा हॉस्पिटलमधल्या सोय लावणाऱ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. इथून सुटलेला पेशंट पुढे कुठे जाणार हे बघायचं, एवढंच त्यांचं काम. टेबलावर दोन माहितीपत्रकं होती. एकावर बागेचा रंगीत फोटो, दुसऱ्यावर नुसताच पत्ता आणि फोन नंबर.

"शुक्रवारी दुपारपर्यंत एक नाव सांगा," त्या म्हणाल्या. "शनिवारी बेड दुसऱ्या पेशंटला द्यायचाय."

"घरीच नेलं तर?"

"घर कितव्या मजल्यावर?"

"पहिल्या. खाली दुकान आहे."

"लिफ्ट?"

"जिना आहे. सोळा पायऱ्या."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ताई, तुमचे वडील आत्ता वॉकर धरून दहा पावलं टाकतात. जिना त्यांना नव्याने शिकावा लागेल, आणि तो या दोन महिन्यांतच. जमला तर जमला. मग पाय आखडत जातो, भीती बसते. जिना जमला नाही तर ते घरी येऊन काय करणार? एकदा वर नेलेत की वरच."

"मी आहे ना," मी म्हणाले.

"उचलून आणणार आहात?" त्या हसल्या. दुखवायचं म्हणून नाही. मी चोपन्न वर्षांची आहे, आणि भरलेली बादली हल्ली दोन्ही हातांनी उचलते.

बाबांना लांब कुठे ठेवायचं नाही, हे माझ्या मनानं आधीच ठरवलं होतं. त्याला कारण होतं. पहाटे उठल्यापासून जपाच्या माळा पूर्ण होईपर्यंत मी बोलत नाही. आई गेली त्या वर्षी हा नेम धरला, त्याला एकवीस वर्षं झाली. बाबा स्वतः देवाचं फारसं काही करत नाहीत, पण माझ्या मौनाच्या वेळात त्यांनी कधी भांड्याचाही आवाज होऊ दिला नाही. त्या सकाळी न्हाणीघरातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, बादली असेल. उरलेल्या चार माळा मी सावकाश ओढल्या, नमस्कार केला, आसन गुंडाळून ठेवलं आणि मग बाहेर आले. बाबा ओल्या फरशीवर एका कुशीवर पडले होते, खालचा ओठ दातांत धरलेला. मला बघून त्यांनी विचारलं, "झालं तुझं?"

"हाक का नाही मारलीत?"

"तुझं व्हायचं होतं ना."

अर्धा तास ते तसे पडून होते. मी नेम सोडला नाही. देवावर रुसून कुठे जाणार? पण आता माळ हातात घेतली की एक कान उघडाच राहतो, आणि त्या कानाला घरात काही म्हणता काही ऐकू येत नाही.

धाकट्या भावाला फोन केला. तो दुसऱ्या देशात असतो.

"ताई, तू म्हणशील ते," तो म्हणाला.

"मी काहीच म्हणत नाहीये, म्हणून तर तुला फोन केला."

"नाही, पण तू तिथं आहेस. तुला जास्त कळतं."

त्याचं बरोबरच होतं. पलीकडे त्याच्या मुलीची अंघोळीला जायची टाळाटाळ चाललेली ऐकू येत होती. मी म्हटलं, "बरं, कळवते," आणि ठेवला.

बाबांना मात्र दोन्ही माहितीपत्रकं दाखवली तेव्हा त्यांनी बागेकडे बघितलंसुद्धा नाही. सेहेचाळीस वर्षं त्यांनी सुतारकाम केलं, आणि त्यातही जिने. दारं-खिडक्या कुणीही करेल, जिन्याला डोकं लागतं, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, जागा स्वतः मोजल्याशिवाय त्यांनी कधी लाकडाला हात लावला नाही. आता त्यांना स्वतःला जाता येत नव्हतं.

"माझा टेप घरी दाराच्या मागच्या पिशवीत आहे," ते म्हणाले. "वही घे. लिही. खाटेची उंची. खुर्चीची उंची. न्हाणीघराच्या दाराची रुंदी. आणि जिना. पायरी किती उंच, पाऊल ठेवायला जागा किती, एकूण पायऱ्या किती, जिना किती रुंद. आणि खालच्या जमिनीपासून वरच्या जमिनीपर्यंत मजला किती."

"बाबा, तिथं लोक हसतील मला."

"हसू देत. हसता हसता टेपचं दुसरं टोक धर म्हणावं." मग म्हणाले, "आणि चिमणे, मला येऊन 'छान आहे' सांगू नकोस. छान किती ते मला समजत नाही. इंच सांग."

चोपन्न वर्षांच्या बाईला चिमणे म्हणणारं आता जगात एकच माणूस उरलं आहे.

बागेचं चित्र असलेलं केंद्र आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर. बुधवारी तिथं गेले. स्वच्छ, शांत, फरशी अशी की चप्पल काढून चालावंसं वाटावं. मधल्या दालनात एका कोनाड्यात दिवा तेवत होता आणि समोर तीन बायका डोळे मिटून बसल्या होत्या. माझे पाय आपोआप तिथं थांबले. व्यवस्था बघणाऱ्या सिस्टर माझ्याच वयाच्या, बोलायला गोड.

"तुम्ही सकाळी आठपासून संध्याकाळी आठपर्यंत केव्हाही या," त्या म्हणाल्या. "इथंच बसा, जप करा, वडिलांशेजारी जेवा. घरच्यासारखंच समजा."

"व्यायाम?"

"आठवड्यातून दोनदा डॉक्टर येतात ना. आम्ही कुणाला जबरदस्ती नाही करत हो. या वयात कशाला छळायचं?"

मी टेप काढला. त्या हसल्या, पण टोक धरलं. खाट वीस इंच, खुर्ची अठरा, दार तीन फूट. मजला मोजायला मी लिफ्टनं वर गेले आणि वरच्या सज्जातून टेप खाली सोडला. सिस्टरनी खालून टोक जमिनीला टेकवलं. अकरा फूट. वहीत लिहिलं.

"आणि जिना?"

"मागे आहे एक, आगीबिगीसाठी. त्याला कुलूप असतं. पेशंटना जिन्याचं काय काम? लिफ्ट आहे."

"म्हणजे चढायला शिकवत नाही कुणाला?"

"अहो, शिकून जायचंय कुठे त्यांना?" सिस्टर अगदी मायेनं म्हणाल्या. "आले की रमतात. सहा-सहा वर्षं झालेत काही जणांना."

खुर्च्यांच्या रांगेत एक आजोबा बसले होते. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही न्यायला आलात का?" मी म्हटलं, "नाही, मी दुसऱ्या कुणासाठी आलेय." त्यांनी मान हलवली आणि माझ्या मागच्या बाईंना तेच विचारलं.

दुसरं केंद्र गुरुवारी पाहिलं. दोन बस बदलून पावणेदोन तास. बाहेरून गोदामासारखं. आत एक मोठा हॉल, त्यात आडवे बार, पट्टे, गाद्या, आणि मधोमध लाकडी पायऱ्यांचे चार संच. कुठेही न जाणारे, दोन्हीकडून कठडे असलेले. घामाचा आणि मलमाचा वास. गळ्यात शिट्टी अडकवलेली एक आखूड केसांची बाई एका जाड्या गृहस्थांवर ओरडत होती, "काका, कठड्याला मिठी नका मारू, लग्न झालंय त्याचं! नुसता हात ठेवा!" काका रडकुंडीला आले होते आणि हसतही होते.

ती तिथली व्यायाम-शिक्षिका. माझ्या टेपकडे बघून ती हसली नाही. स्वतःच टोक धरून एकेक संच दाखवत गेली. "हा चार इंची. हा पाच. हा सहा. हा सात, घरातल्यासारखा. चारवरून सातवर यायला साधारण सहा आठवडे. मग पेशंटला त्याच्या घरी पाठवतो. सगळे जातात असं मी सांगणार नाही. दहातले सात जातात."

"भेटायला कधी यायचं?"

"रविवारी, तीन ते पाच."

"रोज नाही?"

"रोज घरचे आले की पेशंट रोज आजारी पडतो," ती म्हणाली. "तुम्ही हात पुढे करणार. ते तुमचा हात धरणार. मग पाय कशाला काम करेल?"

परतीच्या बसमध्ये मी वही मांडीवर उघडून बसले होते. आतापर्यंत सगळं खरं लिहिलं होतं. जवळच्या केंद्राच्या पानावर फक्त जिन्याच्या चार ओळी रिकाम्या होत्या. मला ते दोन तास दिसत होते, रविवारचे, आणि मग सहा दिवस काहीच नाही. पावणेदोन तासांवर ते पडले, आणि कुणाचं तरी काहीतरी व्हायचं आहे म्हणून त्यांनी हाक मारली नाही, तर?

खोटं बोलायचं नाही हाही माझा नेम आहे. मी स्वतःला म्हटलं, बोलत कुठे आहे, लिहितेच आहे. देवाची क्षमा मागितली. ती आधीच मागून ठेवली, म्हणजे मला पुरतं कळत होतं. मग चार ओळी भरल्या. पायरी सात इंच. पाऊल ठेवायला साडेदहा. पायऱ्या सोळा. रुंदी तीन फूट पावणेदोन इंच. आकडे असे पटापट आले की बसचा एक हिसकाही मध्ये आडवा आला नाही.

त्याच संध्याकाळी बाबांनी चष्मा लावून वही वाचली. लांबच्या केंद्राचं पान आधी. "चार, पाच, सहा, सात," ते स्वतःशीच म्हणाले. "ज्यानं केलं त्याला कळतं." मग जवळचं पान. तिथं ते फार वेळ थांबले. मी पाण्याचा ग्लास भरला, झाकण ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं.

"मजला कुणी मोजला?"

"मी. वरून टेप सोडून."

"अकरा फूट. म्हणजे एकशे बत्तीस इंच." त्यांनी पानावर बोट ठेवलं. "सोळा पायऱ्या, साताच्या. एकशे बारा. वरचे वीस इंच लोक काय उड्या मारून जातात?"

मी ग्लासावरचं झाकण पुन्हा काढलं.

"नाही, असतील बुवा. म्हाताऱ्यांचं केंद्र आहे, उड्या मारत असतील." त्यांनी चष्मा काढला. हसत होते, पण डोळे माझ्याकडे नव्हते. "आणि रुंदी तीन फूट पावणेदोन इंच. असा जिना सगळ्या जगात एकच आहे, चिमणे. मला साडेतीन फूट करायचा होता. दुकानदाराची भिंत आडवी आली, म्हणून सव्वाचार इंच सोडून दिले. तुझी आई महिनाभर बोलत होती त्यावरून. सुताराच्या घरचा जिना अरुंद, म्हणून."

शेजारच्या बेडवरच्या माणसाचा मुलगा घड्याळ बघत उभा होता. त्याच्यासमोर मला रडायचं नव्हतं, पण आलं.

"तिथं जिनाच नाही," मी म्हणाले. "कुलपात आहे. तिथं कुणी चढत नाही."

"मग तिथं कशाला घालतेस मला?"

"दहा मिनिटांवर आहे. मी रोज येईन. दिवसभर बसेन. तुम्ही नुसतं खाकरलात तरी मला ऐकू येईल."

त्यांनी चादरीची शिवण चिमटीत धरली. त्यांचे हात दोन आठवड्यांत पांढरे पडले होते. ते हात इतके स्वच्छ मी कधी पाहिले नव्हते.

"त्या दिवशी माझे पाय ओले होते," ते म्हणाले. "पायपुसणं उन्हात टाकलं होतं, ते मीच आत आणलं नाही. यात तू नाहीस, तुझा देवही नाही. हाक मारली नाही ती माझी मर्जी. त्याचं ओझं तू घेऊन बसलीस आणि आता मला त्याच्याखाली ठेवतेस." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला ऐकू जाईल अशा ठिकाणी नाही राहायचं गं. मला घरी यायचंय."

मी डोळे पुसले. "मग तिकडचं सांगू?"

"ते मी नाही सांगणार. तुला एकटं राहायचंय. तू सांग."

एकटं राहायचं आहे हे त्यांच्या तोंडून ऐकेपर्यंत मी ते वाक्य मनातसुद्धा पुरं केलं नव्हतं. बाबा कुठेही गेले तरी घरात मी एकटीच असणार होते. पण बागेच्या केंद्रात गेले असते तर मला तसं म्हणावं लागलं नसतं. सकाळी डबा घेऊन जायचं, संध्याकाळी यायचं, आणि याला एकटं राहणं म्हणायचं नाही, अशी सगळी व्यवस्था मी केली होती. त्या व्यवस्थेत ते कधीच घरी येणार नव्हते, एवढं फक्त बघायचं राहिलं होतं.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला मी सोय लावणाऱ्या बाईंकडे गेले आणि लांबच्या केंद्राचं नाव सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. "रोज जाता येणार नाही हं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "माहीत आहे."

शनिवारी अँब्युलन्सबरोबर गेले. शिट्टीवाल्या बाईंनी बाबांना चाकाच्या खुर्चीत घेतलं आणि दाराशी मला थांबवलं. जमिनीवर पिवळी पट्टी होती. "नातेवाईक पट्टीच्या अलीकडे." बाबांनी एकदा मागे बघितलं. "मास्तरीण कडक आहे," ते मला म्हणाले, आणि आत पायऱ्या चढणाऱ्या एकाकडे बघत लगेच तिला, "तुमचा तो सातचा संच जरा डगमगतो. खालचा पाय तासायला हवा."

"आधी स्वतःचा पाय बघा, आजोबा."

ते मोठ्यानं हसले. घरी इतकं मोठ्यानं ते माझ्याशी कधी हसले, मी आठवून बघत होते, तेवढ्यात दार मिटलं.

रविवारी मी जाते. तीनला पाच मिनिटं असताना पोचते. एका रविवारी ते चारच्या संचावर होते. मधल्या रविवारी नुसतेच पडून होते, ताप आला होता, मला बघून तोंड फिरवलं. तिसऱ्या रविवारी पाचवर होते. मी उघड्या दाराशी, पट्टीच्या अलीकडे बाकावर बसले होते. दुसऱ्या पायरीवर त्यांचा गुडघा थरथरला आणि मी उठून उभी राहिले. मला कळलंही नाही मी उठल्याचं. त्यांनी पायरीकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघितलं, आणि पाऊल चुकलं. मास्तरीणबाईंनी त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला धरून सावरलं.

नंतर आम्ही चहा घेत बसलो. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला होता.

"पुढच्या रविवारी येऊ नकोस," ते म्हणाले.

"का?"

"उतरायचं शिकवणारेत. चढणं बरं असतं, समोर पायरी दिसते. उतरताना खाली सगळं मोकळं असतं. तू तिथं असलीस की मी तुझ्याकडे बघतो."

"मी बाहेर थांबेन."

"बाहेर आहेस हे मला माहीत असेल ना."

मी कप खाली ठेवला. "बरं," म्हटलं. दुसरं काही म्हणण्यासारखं खूप होतं. पाचची घंटा झाली.

त्या रविवारी करायला काही नव्हतं. पहाटेचा जप झाला, कपडे झाले, न्हाणीघराची फरशी घासून कोरडी केली. दुपारी दुकान बंद, त्यामुळे खालूनही काही आवाज नव्हता. तीन वाजले तेव्हा मी बाहेर जायची साडी नेसलेली होते. का नेसले कुणास ठाऊक. खुर्चीत बसून राहिले. चार वाजले. साडेचार. मी प्रार्थना केली असं लिहायला हवं, पण मी केली नाही. नुसती बसले होते, आणि तेच कदाचित प्रार्थनेसारखं होतं.

पावणेसहाला फोन वाजला. तिथं व्हरांड्यात एकच फोन आहे, मागे माणसांची कुजबुज ऐकू येते.

"उतरलो," बाबा म्हणाले.

"सगळ्या?"

"दोन. तिसरीला पाय कुठे ठेवायचा तेच सुचेना. उभाच राहिलो."

"मग?"

"मग काय? मास्तरीण म्हणाली, उद्या."

"उद्या," मी म्हणाले.

"सेहेचाळीस वर्षं जिने केले, पण उतरताना माणसाला काय वाटतं ते कधी विचारलं नाही कुणाला." धाप अजून ऐकू येत होती. "तू जेवलीस का दुपारी?"

"नाही."

"आता जेव."

"हो."

"काही बोलायचं होतं का तुला?"

मी विचार केला. मागे कुणीतरी म्हणत होतं, आजोबा, आटपा, रांग आहे.

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही बोला."

"मागे चौघं उभे आहेत गं. त्यांनाही घरी फोन लावायचाय," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.